सात सेकंदांचं ऋण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सात सेकंद म्हणजे किती वेळ? नभोवाणीवर बोलता बोलता माणूस सात सेकंद गप्प राहिला, तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्रच बंद पडलं. मुशायऱ्यात तेवढ्या वेळात शेराची एक ओळ म्हणून होते आणि दाद यायला सुरुवात होते. आज मी ज्या सात सेकंदांविषयी बोलणार आहे, ते 1969 साली अमेरिकेत ध्वनिमुद्रित झाले. त्यांत शब्द नाहीत, सूर नाहीत. एक माणूस ड्रम वाजवतो आहे, इतकंच. पण या सात सेकंदांच्या आधारानं पुढं इंग्लंडात संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. त्याला 'ड्रम अँड बेस' म्हणतात. आणि त्याचा बराचसा भाग मोठ्या स्टुडिओत नव्हे, तर पोरांच्या झोपायच्या खोल्यांत, पलंगाशेजारच्या टेबलावर तयार झाला.

नाव सरळ आहे. ड्रम म्हणजे ताल, बेस म्हणजे खर्ज. वर मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास ठोके पडतात आणि खाली खर्ज त्याच्या निम्म्या गतीनं, सावकाश चालतो. तबला दुगुनीत आणि गाणारा मात्र विलंबितात, असं काहीसं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट वाटतो. कान खर्जाकडे लावला, की लक्षात येतं, पायाखालची जमीन शांत आहे. धावपळ चालली आहे ती वरच्या मजल्यावर.

आता त्या सात सेकंदांकडे वळू. 'द विन्स्टन्स' ही वॉशिंग्टन शहरातली गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळी. 1969 मध्ये त्यांची 'कलर हिम फादर' ही तबकडी निघाली. तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि 1970 मध्ये या गाण्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. गाणं लिहिणारे रिचर्ड स्पेन्सर हे या मंडळींचे म्होरके. तबकडीला दुसरी बाजू असते आणि तिथंही काहीतरी भरावं लागतं. म्हणून त्यांनी एका चर्चगीताच्या चालीवर एक वाद्यरचना वाजवली. तिचं नाव 'आमेन, ब्रदर'. हे आमेन म्हणजे आमच्या नमाजातलं आमीनच. मूळ शब्द हिब्रू. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघांच्याही प्रार्थनेत तो आहे. 'तसंच होवो' असा त्याचा भाव.

या रचनेच्या मध्यावर बाकीची सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तनं एकटा वाजवतो. पहिल्या दोन आवर्तनांत तो चालू ठेकाच पुढं नेतो. तिसऱ्यात एक थाप जराशी उशिरा टाकतो. चौथ्या आवर्तनाची पहिली मात्रा तो चक्क रिकामी सोडतो. समेवर काहीच नाही! मग अडखळल्यासारख्या दोन-चार थापा, एक मोठी झांज, आणि वाद्यमेळ पुन्हा सुरू. मात्रा मोजण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा माणसाला ही रिकामी सोडलेली जागा लगेच कळते. गझल लिहिणारा ज्याला विराम म्हणतो, तोच हा. त्या दिवशी स्टुडिओत असलेल्या कुणालाही यात काही विशेष घडलं असं वाटण्याचं कारण नव्हतं. तबकडीची मागची बाजू भरली, काम झालं.

ही मागची बाजू पुढं कशी आली? न्यूयॉर्कच्या वस्त्यांत सत्तरच्या दशकात तबकड्या वाजवणाऱ्या मुलांनी एक गोष्ट हेरली होती. गाण्यात जिथं फक्त ड्रम वाजतो, तिथं नाचणाऱ्यांना चेव येतो. मग तेवढाच भाग दोन तबकड्यांवर आलटून पालटून वाजवायचा. अशा तुकड्यांना 'ब्रेक' म्हणत. ते शोधण्यासाठी जुन्या बाजारात तबकड्या धुंडाळाव्या लागत. 1986 मध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाच्या संग्रहात 'आमेन, ब्रदर' आलं आणि कोलमनचे सात सेकंद कुणालाही विकत मिळू लागले. 1988 मध्ये लॉस एंजलिसच्या एन. डब्ल्यू. ए. या गटानं ते आपल्या गाण्यात वापरले. तोवर गती मूळचीच, किंवा त्याहून थोडी मंद होती.

दुसरा धागा जमैकाचा आहे आणि घरगुती स्टुडिओची खरी परंपरा तिथं सापडते. किंग्स्टन शहराच्या वॉटरहाउस भागात ऑस्बोर्न रडक नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर राहत असे. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं एका मोठ्या स्टुडिओनं काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सिंग टेबल घेतलं आणि आपल्या राहत्या घरात मांडलं. गाणाऱ्याला उभं करायला वेगळी खोली नव्हती, म्हणून न्हाणीघराचीच खोली केली. तयार गाण्यातून आवाज काढून टाकायचा, गिटार मध्येच यायची आणि विरून जायची, शिल्लक राहायचे ते ड्रम आणि बेस. या प्रकाराला 'डब' म्हणतात. मिक्सिंगचं टेबल तोवर मुनीमजींच्या खातेवहीसारखं होतं, आलेला माल नीट नोंदवायचा. टबीनं त्याचंच वाद्य केलं. 1989 मध्ये घराबाहेरच त्याचा खून झाला. पण टेबलावरच्या खटक्यांनी संगीत रचता येतं, हे तोवर त्यानं दाखवून दिलं होतं.

जमैकाची माणसं 1948 मध्ये 'एम्पायर विंडरश' या जहाजातून लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरली, आणि नंतरही येत राहिली. त्यांच्याबरोबर 'साउंड सिस्टिम' आली, म्हणजे कपाटाएवढाले कर्णे, आणि खर्ज कानांनीच नव्हे तर छातीनंही ऐकायचा असतो ही समज. त्यांची मुलं-नातवंडं लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅममध्ये वाढली. 1988 च्या सुमारास इंग्लंडात रात्र रात्र चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांची लाट आली. एका बाजूला अमेरिकेच्या डेट्रॉइट-शिकागोचं यंत्रसंगीत, दुसऱ्या बाजूला बापजाद्यांचा खर्ज, आणि मध्ये न्यूयॉर्कहून आलेला ब्रेक. 1991 च्या सुमारास लेनी डी आइस या लंडनच्या कलावंतानं 'वी आर आय. ई.' ही रचना काढली. तिच्यात कोलमनचा ड्रम आहे, जमैकाच्या वळणाचा खर्ज आहे आणि अल्जीरियाच्या राई संगीतातला अरबी आवाजही आहे. या वाटेवर पुढं जे आलं, त्याला लोक आधी 'जंगल' आणि नंतर 'ड्रम अँड बेस' म्हणू लागले.

आता मुद्दा यंत्रांचा. 1983 मध्ये 'मिडी' नावाची एक समान भाषा ठरली. तिच्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. 1985 मध्ये अटारी कंपनीचा एसटी हा संगणक आला. त्याला मिडीची खाच मुळातच होती. 1989 मध्ये त्यावर चालणारं क्यूबेस आलं. आणि 1988 मध्ये जपानच्या अकाई कंपनीनं एस-1000 हा सॅम्पलर आणला. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून पेटीच्या पट्टीवर वाजवू देणारं यंत्र. त्याची मूळ स्मृती किती? दोन मेगाबाइट. हिशेब केला तर दोन कानांचा, म्हणजे स्टिरिओ आवाज त्यात जेमतेम बारा सेकंद मावे. आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्रालाही त्याहून जास्त जागा लागते.

या अडचणीतूनच युक्त्या निघाल्या. तेहतीसच्या गतीची तबकडी पंचेचाळीसवर वाजवून भरायची, म्हणजे ती पाऊण वेळात उरकते आणि जागा वाचते. नंतर यंत्रात तिची गती उतरवायची. सात सेकंदांचा तुकडा घेतला, की त्याच्या एकेक थापेवर चिरा द्यायच्या. पायाच्या ड्रमची थाप वेगळी, स्नेअरची वेगळी, झांजेची वेगळी. प्रत्येक चीर पेटीच्या एकेका पट्टीवर ठेवायची आणि नवा क्रम लावायचा. थापा कोलमनच्याच, बोल मात्र नवे. आपला तबलजी कायद्यातून पलटे काढतो, त्या जातीचं हे काम आहे.

पण एक पेच होता. मूळ तुकड्याची गती मिनिटाला एकशे सदतीसच्या आसपास. ती एकशे सत्तरवर नेली, की सूरही चढतो. जो षड्ज होता तो जवळजवळ शुद्ध गंधाराला जाऊन भिडतो. ड्रम चिरका, हलका होतो. तोच या संगीताचा आवाज ठरला. उलट सूर न बदलता लांबी बदलायची सोयही सॅम्पलरमध्ये होती. ती फार ताणली की आवाजाला धातूची खरखर यायची. कारखानदारानं जो दोष मानला असता, तो या पोरांनी दागिन्यासारखा वापरला.

खरी कसोटी मिक्सिंगची, म्हणजे ध्वनिमिश्रणाची. खर्ज पन्नास हर्ट्झचा धरला, तर त्याची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. झोपायची खोली तीन-चार मीटरची. लाट भिंतीवर आपटून परत येते. टेबलाशी बसलं तर खर्ज गायब, कोपऱ्यात उभं राहिलं तर ढगांचा गडगडाट. शिवाय आवाज कमी ठेवला की माणसाच्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच ते मोजून दाखवलं होतं. शेजारी भिंत ठोकत असताना रात्री दोन वाजता खर्ज जोखायचा कसा?

त्यावर रीत ठरली ती अशी. आधी पायाचा ड्रम आणि खर्ज यांचं भांडण मिटवायचं, कारण दोघांना एकच तळमजला हवा असतो. ब्रेकच्या तळाचा गाळ चाळणी लावून काढून टाकायचा, म्हणजे तिथं खर्जाला जागा होते. ड्रम पडला की क्षणभर खर्ज आपोआप दबेल, अशीही योजना करता येते. खर्ज नेहमी मध्यभागी ठेवायचा, डावी-उजवीकडे पसरायचा नाही. नाहीतर तबकडी कापताना खाच बिघडते आणि सुई उडते. सरतेशेवटी घराबाहेर पडायचं. लंडनमध्ये 'म्युझिक हाउस' नावाचं तबकडी कापून देणारं ठिकाण होतं. तिथं रांगेत उभं राहून 'डबप्लेट' कापून घ्यायची, म्हणजे अॅल्युमिनियमवर लाखेसारखा थर दिलेली एकच प्रत. ती घेऊन त्याच रात्री नाचाच्या जागी जायचं, मोठ्या कर्ण्यांवर वाजवायची आणि समोरच्या माणसांकडे पाहायचं. पाय हलले तर मिश्रण जमलं. नाही हलले तर परत खोलीत. डबप्लेट काही वेळा वाजवली की झिजून जायची, पण तोवर तिचं काम झालेलं असे.

हे संगीत लोकांपर्यंत नेलं ते नभोवाणीनंच, पण परवान्याशिवाय चालणाऱ्या. सरकारी वसाहतींच्या उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून एरियल लावायची आणि खालच्या एखाद्या घरातून बोलायचं. हॅकनी भागातलं कूल एफएम 1991 मध्ये असंच सुरू झालं. सरकारी माणसं येऊन एरियल तोडत, पोरं ती पुन्हा लावत. 1994 मध्ये ब्रिटिश संसदेनं एक कायदा केला. उघड्यावर रात्री शंभर किंवा अधिक माणसं जमून मोठ्यानं संगीत वाजवत असतील, तर पोलिसांना त्यांना हटवता येईल. त्यात संगीत कशाला म्हणायचं तेही सांगितलं होतं आणि एकामागून एक तेच ते ठोके येणारा आवाजही त्यात धरला होता. ताल कायद्याच्या कलमात बसवण्याचा हा उद्योग वाचून मला आजही हसू येतं. गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, बीबीसीच्या रेडिओ वनवर या संगीताचा 'वन इन द जंगल' हा कार्यक्रम सुरू झाला.

त्याच 1995 मध्ये गोल्डी या कलावंताचा 'टाइमलेस' संग्रह आला. अनाथालयांत आणि परक्या घरांत वाढलेला, भिंतीवर चित्रं काढणारा हा माणूस. त्याची शीर्षकरचना एकवीस मिनिटांची आहे. बड्या ख्यालाएवढा ऐवज. 1997 मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्रझेंट या गटाच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी पारितोषिक मिळालं. त्या वर्षी स्पर्धेत रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' होता. लंडनच्या हॉक्स्टन चौकात ब्लू नोट नावाची एक जागा होती. तिथं रविवारी गोल्डीच्या मेटलहेड्स मंडळींची बैठक भरे आणि सोमवारी तलविन सिंग यांची 'अनोखा'. तलविन लंडनचे, मुलगेपणी पंजाबात जाऊन त्यांनी पंडित लछमन सिंग यांच्याकडे तबला शिकला होता. त्यांनी यंत्राच्या शेजारी तबला मांडला आणि 1999 मध्ये त्यांच्या 'ओके' या संग्रहालाही मर्क्युरी मिळालं.

आणि ग्रेगरी कोलमन?

2006 मध्ये अटलांटा शहरात तो वारला. शेवटी त्याच्याजवळ ना घर होतं ना पैसा. हजारो ध्वनिमुद्रणांत त्याचे हात वाजत होते, पण त्यातलं काही त्याच्यापर्यंत आलं नाही. आपल्या वादनाचं पुढं काय झालं याची त्याला कल्पनाही नसावी, असं रिचर्ड स्पेन्सर यांचं म्हणणं होतं. खुद्द स्पेन्सर यांना हे कळलं ते 1996 मध्ये, एका ब्रिटिश कंपनीनं मूळ ध्वनिमुद्रणासाठी त्यांना गाठलं तेव्हा. कोर्टात जायची मुदत टळून गेली होती. त्यांनी आधी याला उघड चोरी म्हटलं. पुढं पुढं त्यांचा राग निवळत गेला. 2015 मध्ये इंग्लंडातल्या दोन डीजेंनी लोकांना आवाहन केलं, की या तुकड्यावर आपण सगळ्यांनी पोट भरलं आहे, आता थोडं परत करू. 24 हजार पौंड जमले आणि ते स्पेन्सर यांना दिले गेले. 2020 मध्ये तेही गेले. कोलमनसाठी मात्र ही वर्गणी नऊ वर्षं उशिरा आली.

इथं मला आमच्या उर्दू परंपरेतली एक रीत आठवते. तिला तज़मीन म्हणतात. दुसऱ्या शायराची ओळ घ्यायची आणि तिला आपल्या ओळी जोडून नवी रचना करायची. मुशायऱ्यात तर एकच मिसरा सगळ्यांना आधी दिला जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपली गिरह बांधतो. याला कुणी चोरी म्हणत नाही, उलट हा मान आहे. अट एकच: ओळ कुणाची, ते लपवायचं नाही. म्हणून उसनं घेण्याला माझा आक्षेप नाही. 'आमेन, ब्रदर'ची चालही उसनीच होती. चिरा देण्याची मोकळीक नसती, तर त्या खोल्यांतल्या पोरांना काही रचताच आलं नसतं. वकील ठेवायला पैसे असलेल्यांचंच संगीत उरलं असतं. बिघडलं ते मूळ नाव गळून पडल्यानं.

तुकोबा, चोखोबा अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालतात. श्रीगोंद्याचे शेख महंमदही घालतात. गझलच्या मक्त्यात शायराचं तखल्लुस येतं. म्हणून अभंग शेकडो वर्षं तोंडोतोंडी फिरला तरी धनी हरवत नाही. ढोलकीवाल्याला अशी नाममुद्रा नसते. शब्द लिहिणाऱ्याचं नाव राहतं, चाल लावणाऱ्याचं राहतं, थाप मात्र बेवारस. आपल्या देशात 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला आणि 2012 च्या दुरुस्तीनं व्यापारी वापराच्या रॉयल्टीत त्याला वाटा मिळाला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण वाटा द्यायचा कुणाला, हे कळायला आधी नाव लिहिलेलं असावं लागतं.

आज अकाईची ती जड पेटी कुणाला लागत नाही. साध्या लॅपटॉपवर हे सगळं होतं आणि आपल्याकडची मुलंही ते करतात. ढोलकीचे, संबळाचे, ताशाचे तयार तुकडे संगणकावर मिळतात, त्यांच्यावर गाणी बांधली जातात. करावीत, जरूर करावीत. माझं एवढंच सांगणं आहे: तुकडा उचलताना ती बोटं कुणाची आहेत, ते विचारावं, आणि कळलं तर गाण्याखाली लिहावं. एक ओळ पुरते. 'आमेन, ब्रदर' आजही सहज ऐकायला मिळतं. मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. त्यानंतरच्या चौथ्या आवर्तनात समेची ती रिकामी जागा येते. ती ऐकाल तेव्हा ती सोडणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन होतं, एवढं ध्यानात असू द्या.